शेपटीवर बसलेलं विमान

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दातकाकांचं बॉम्बर विमान पूर्ण झालं आणि दहा वाजून सहा मिनिटांनी ते शेपटीवर बसलं.

बसलं म्हणजे ऐसपैस बसलं. काकांनी त्याला काचेच्या तुकड्यावर तीन चाकांवर अलगद ठेवलं आणि हात काढून घेतला. क्षणभर ते गुणी मुलासारखं उभं राहिलं. मग कंटाळवाण्या भाषणाला आलेला पाहुणा जसा हळूहळू खुर्चीत मागे रेलतो, तसं त्याने नाक वर केलं, पुढचं चाक उचललं आणि टक् करून शेपूट टेकलं. काकांनी बोटाने नाक खाली दाबलं. बोट काढलं. टक्. टेबल कलतं असेल म्हणून विमान उलट्या तोंडाने ठेवून पाहिलं. टक्. टेबलाचा काही दोष नव्हता.

"अहो, झालं का?" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. काकूंची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. त्यांचा आवाज भिंती, दारं आणि न ऐकणारे कानसुद्धा सहज ओलांडत असे.

"झालं," काका म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं.

विमान वीतभर लांब होतं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. दोन इंजिनं, पुढे काचेचं नाक, नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन. महायुद्धात अशी विमानं हजारोंनी उडाली. हे मात्र सात महिने याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, तुकड्या-तुकड्याने जन्माला येत होतं. खोक्यात प्लास्टिकचे एकशे बासष्ट तुकडे होते. एकेक कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. हत्यारं सगळी जुन्या कामातली. काकांनी चौतीस वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यात कवळ्या बनवल्या होत्या, म्हणून तर गल्ली त्यांना दातकाका म्हणे. पुढच्या खोलीत डॉक्टर आणि पेशंट, मागच्या खोलीत काका आणि प्लास्टरचे जबडे. पेशंटचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही आणि पेशंटने त्यांचं पाहिलं नाही. अर्ध्या शहराचं हसू त्यांच्या हातचं होतं. रस्त्यात कोणी हसलं की काका आधी दात ओळखत आणि मग, जमलं तर, माणूस. ही व्यवस्था त्यांना फार सोयीची वाटे. काम लोकांच्या तोंडात असावं, नाव तोंडी नसावं.

विमानांचंही तेच. आधीची एकोणीस कपाटात होती. ती काकूंनी पाहिली होती, आणि एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने, चुकीचं दार उघडल्यामुळे. "खेळण्यांचं दुकान होतं का तुमचं?" असं त्याने सहज विचारलं, तेव्हापासून कपाटाला कुलूप होतं.

विसावं मात्र आज दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, चारचौघांत मांडायचं होतं. प्रतिकृती मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. त्याचा अर्ज काकूंनी काकांना न विचारता भरला होता, सहीसकट. अर्जामागे नियम छापलेले होते. चौथा नियम असा, की चाकं बाहेर काढलेलं विमान स्वतःच्याच चाकांवर उभं राहिलं पाहिजे. काडी, दोरा, टेकू चालणार नाही.

टक्, हा आवाज चौथ्यांदा आला तेव्हा काकांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली, सात महिने पाण्यात गेले. दुसरी, जिची त्यांना थोडी लाज वाटली: सुटलो.

काकू हात पुसत आत आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. "हे असं काय बसलंय? रुसलंय का?"

"नाक हलकं पडलंय. पुढे आतून वजन घालावं लागतं. धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी."

"मग घातलं नाहीत?"

"घातलं तर!" काकांनी जोडणीचं माहितीपत्रक पुढे केलं. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. "ही बघ सातवी पायरी. खूण आहे."

"खुणेला वजन असतं का?"

"अगं, वाटीत चाळीस गोळ्या काढून ठेवल्या होत्या. शिशाच्या. मासे धरायच्या गळाला लावतात त्या. मोजून, तोलून. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वाटी रिकामी. म्हणजे मी घातल्याच असणार ना? म्हणून खूण केली आणि दोन्ही भाग चिकटवून टाकले."

"म्हणजे घातल्याचं आठवत नाही, पण घातल्याची खात्री आहे."

"घराला कुलूप लावलेलं माणसाला आठवतं का? लावलेलं असतं."

यावर काकू काहीच बोलल्या नाहीत. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं क्वचितच झालं होतं, म्हणून काकांनी मान वर केली.

"ती वाटी," काकू म्हणाल्या, "निळी होती का? काठाचा टवका उडालेली?"

"हो."

"आणि गोळ्या मिरीच्या दाण्याएवढ्या?"

"हो."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. बाहेर वारा चांगलाच सुटला होता, समोरच्या झाडाची पानं उलटी होत होती. पण खिडकीचा पडदा पहाऱ्यावरच्या शिपायासारखा सरळ, ताठ उभा होता.

"तू पडद्यात...?"

"मग काय करणार! याच पडद्याने तुमच्या त्या शेपटीकडच्या बंदूकवाल्याची काच उडवली होती ना? नखाएवढी काच, तीन दिवस आपण दोघं या खोलीत रांगत होतो. शेवटी निघाली कुठे, माझ्या चपलेच्या तळाला. म्हटलं, पडद्याला खालून वजन लावू. वाटीत गोळ्या दिसल्या. उरलेल्या असतील असं वाटलं, दिल्या शिवून."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

हे खरं असण्याची शक्यता इतकी दाट होती की काकांनी वाद घातला नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले आणि आवाजात दुःख आणायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "आता उघडायचं म्हणजे रंग, चिन्हं, सगळ्याचीच वाट. यंदा नाही व्हायचं. मी मंडळाला फोन करतो. म्हणजे, तू कर. पुढच्या वर्षी बघू."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अहो, मी तीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेत. लाइन लागली नाही म्हणून हळहळणारा कोण आणि लागली नाही म्हणून खूश होणारा कोण, ते मला पहिल्या शब्दाला कळायचं. विमान नाही शेपटीवर बसलेलं. तुम्ही बसलाय."

"तसं काही नाही."

"तसंच आहे. आता मला सांगा, कोणाची खालची कवळी सुटून वर येत असली तर काय करायचात? पुढच्या वर्षी या म्हणायचात?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. वर येणाऱ्या कवळीत धातूचा भार घालायचा. कुठे घालायचा? कोणाला दिसणार नाही तिथे. चौतीस वर्षं लोकांच्या जबड्यांत वजन घातलं आणि स्वतःच्या विमानात विसरलो, हा विचार काकांना इतका झोंबला की त्यांनी विमान उचलून उलटं केलं. पुढचं चाक ज्या खोबणीत दुमडतं तिच्या छताकडे त्यांनी दिवा धरून पाहिलं. छताच्या वर पोकळी होती. पोकळीच्या मागे आडवी भिंत होती, म्हणजे आत काही घातलं तर ते शेपटीकडे घरंगळणार नव्हतं.

"शिवण उसव," काका म्हणाले.

काकूंच्या हातात कात्री आधीच होती.

मग त्या खोलीत दोन आवाज सुरू झाले. इकडे काकांचं कवळ्या कोरायचं जुनं यंत्र, अगदी मंद चालीवर, घूं घूं करत खोबणीच्या छताला वाटाण्याहून लहान भोक पाडत होतं. तिकडे पडद्याच्या काठातून एकेक गोळी निघून वाटीत टिण्, टिण् पडत होती. भोक पडलं. पण गोळ्या आत बसवायच्या कशाने? गोंद वाळायला उद्या उजाडला असता. काकांनी खालचा खण ओढला. तिथे कवळीच्या हिरड्या घडवायचं मेण होतं, निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी आठवण म्हणून दिलेलं. कोमट पाण्यात ते लोण्यासारखं मऊ झालं. एकेक गोळी मेणात घोळायची, चिमट्याने भोकातून आत सारायची आणि सळईने दाबून बसवायची.

वीस गोळ्यांनंतर विमान पुन्हा शेपटीवर गेलं, पण जरा विचार करून. तिसाव्या गोळीनंतर ते दोन्हीकडे मान डोलवत राहिलं. छत्तिसाव्या गोळीनंतर नाक खाली आलं आणि खालीच राहिलं. काकांनी फुंकर मारली. काकूंनी टेबलावर बुक्की मारली. विमान ढिम्म.

"उरलेल्या चारही घाला," काकू म्हणाल्या. "पडद्याकडे आता परत जाणार नाहीत त्या."

काकांनी त्या घातल्या, भोक मेणाने बुजवलं आणि हाताच्या सवयीने त्यावर छान गुळगुळीत उतार दिला. जेवण राहिलं होतं, पण ते दोघांनाही आठवलं नाही. अडीच वाजले होते. मोकळा झालेला पडदा आनंदाने उडाला आणि माहितीपत्रक घेऊन पलंगाखाली गेला.

सभागृहात लांब टेबलांवर पांढरा कागद अंथरला होता. जहाजं, रणगाडे, विमानं, आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. काकांनी बुटाच्या खोक्यातून बॉम्बर काढून जागेवर ठेवलं आणि स्वतः मागच्या खांबाआड जाऊन उभे राहिले. खांब जाड होता, काका बारीक. काकू टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

परीक्षकांना मंडळात भिंगसाहेब म्हणत. आयुष्यभर त्यांनी सरकारतर्फे दुकानदारांचे तराजू तपासले होते आणि अजून त्यांची नजर तीच होती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात टॉर्च. विमानापाशी आले की ते टेबलाच्या काठावर टिचकी मारत. दोन विमानं त्यांच्या टिचकीने आधीच बसली होती आणि ती करणारे दोघे चहाच्या टेबलापाशी एकमेकांचं सांत्वन करत होते.

बॉम्बरपाशी येऊन त्यांनी टिचकी मारली. काही नाही. आणखी जोरात मारली. काही नाही. "हं!" ते म्हणाले आणि ओठ विलग झाले. खांबाआडून काकांना त्यांचा वरचा उजवा सुळा दिसला. किंचित वळलेला.

काकांनी तो लगेच ओळखला. तो सुळा त्यांनीच वळवला होता, अकरा वर्षांपूर्वी. सगळे दात सरळ लावले की तोंड खोटं दिसतं. पेशंट भारी चिकित्सक आहे, डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या पेशंटने कवळी तीन वेळा परत पाठवली होती.

भिंगसाहेबांनी खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, विमानाच्या नाकाखाली सारला, टॉर्च लावला आणि थांबले. त्याच क्षणी काकांना आठवलं. मेणाला रंग द्यायचा राहिला. खोबण आतून गडद हिरवी, आणि तिच्या छतावर लखलखीत गुलाबी हिरडी!

भिंगसाहेब बराच वेळ आरशात पाहत राहिले. त्यांची जीभ, त्यांच्याही नकळत, गालाच्या आतून एकदा फिरून आली.

"कोणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं. आजूबाजूची माणसं वळली.

काकू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. त्यांनी ठरवलं असतं तर उत्तर तळमजल्यावरच्या ग्रंथपालालाही ऐकू गेलं असतं. पण काकू आज दुसऱ्यांदा गप्प बसल्या आणि छताचा पंखा निरखू लागल्या. काका वाट पाहत राहिले. जिना सहा पावलांवर होता. खांबाआडून तिथवर कोणाच्याही नजरेस न पडता जाता आलं असतं. असं जाण्याचा त्यांना आयुष्यभराचा सराव होता. पण टेबलावर विमान तीन चाकांवर, नाक खाली घालून, चुकलेल्या पण हजर राहिलेल्या मुलासारखं उभं होतं.

"माझं," काका म्हणाले. ते फक्त खांबाला ऐकू गेलं. म्हणून ते खांब सोडून पुढे आले आणि पुन्हा म्हणाले, "माझं आहे ते."

"आत गुलाबी काय आहे?"

"मेण. नाकात वजन घालायचं राहिलं होतं. गोळ्या पडद्यात गेल्या. म्हणजे, बायकोने शिवल्या. आज सकाळी कळलं. मग खालून भोक पाडलं. रंग राहिला." एका दमात सगळं सांगून काकांनी श्वास घेतला. "राहिला म्हणजे राहिलाच."

लोक हसले. काकांना नवल वाटलं, त्या हसण्याने कुठेच काही टोचलं नाही.

भिंगसाहेब मात्र हसले नाहीत. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हा रंग मी रोज सकाळी पेल्यात पाहतो. चौकातला दवाखाना?"

"मागची खोली," काकाही तितक्याच हळू म्हणाले. "सुळा मुद्दाम वळवला होता. तुम्ही तीनदा परत पाठवलीत."

"चौथ्यांदा नाही पाठवली," भिंगसाहेब म्हणाले आणि बत्तीशी दाखवून हसले. काकांनी सवयीने आधी दात पाहिले. दात उत्तम होते. मग त्यांनी माणसाकडे पाहिलं. माणूसही बरा होता.

बक्षीस एका जहाजाला गेलं. रंग राहिला म्हणून बॉम्बरचे दोन गुण कापले गेले, आणि शेऱ्याच्या जागी भिंगसाहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: बैठक पक्की. टिचकीने बसलेल्या विमानांचे ते दोघे चहाचे कप घेऊन आले आणि भोक नेमकं कुठे पाडायचं ते विचारू लागले. काकांनी बॉम्बर उलटं करून दाखवलं. मग आणखी चौघे आले. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी पडद्यासकट.

साडेपाचला शिपाई दिवे मालवू लागला.

"अहो, चला आता," काकू म्हणाल्या.

"थांब गं जरा, यांना मेण किती कोमट हवं ते सांगतोय. आणि हे बघ, उद्या सकाळी हे सगळे घरी यायचेत, बाकीची एकोणीस बघायला. कपाटाची किल्ली तेवढी शोधून ठेव. ऐकलंस ना?"

"हं," काकू म्हणाल्या.