कापसातल्या मुलाची एक जुलै

मी एक जुनी तारीख आहे: एक जुलै एकोणीसशे एक्कावन्न. किन्हीराजाजवळच्या तांड्यातले गोविंदसिंग मला आपली जन्मतारीख म्हणत. मित्रांनो, त्यांच्या शेवटच्या साध्या दिवशीही मी कामावर होते. सकाळी सहाला त्यांच्या मोबाइलवर पुण्याच्या लेकीच्या शुभेच्छा आल्या. चहाच्या हॉटेलात त्यांनी तो निरोप सगळ्यांना वाचायला लावला. "पाहा, इतक्या दूर राह्यते, पण बापाले इसरत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी ते वावरात धुऱ्याच्या बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत.

माझा जन्म मात्र शाळेतला, सत्तावन्न सालच्या पावसाळ्यातला. गोविंदसिंगांची आई धनीबाई त्यांचं नाव शाळेत घालायला आली होती.

"कवा झाला पोरगा?" गुरुजींनी विचारलं.

"आमी कापूस येचून राह्यलो होतो, गुरुजी. तवाच, वावरात."

गुरुजींनी सहा वर्षं मागे मोजली आणि 'एक जुलै' म्हणत मला लिहून टाकलं.

"जुलैत कापूस कुठचा हो?"

"माय, तुमच्या तांड्याची सारीच पोरं एक जुलैची हायत. मीबी त्याच दिवशीचा. कायले घोर करता?"

पुढे मी दाखल्यावर गेले, गोविंदसिंगांच्या नोकरीच्या कागदांवर गेले. अठ्ठावन्न वर्षं भरली तेव्हा मीच त्यांना घरी पाठवलं. साहेबांना मी सोयीची वाटे. घरात मला कोणी विचारत नसे.

मग लेक प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि तिनं मला एका छोट्या प्रोग्रॅममध्ये बसवलं. तिच्या त्या संगणकाच्या भाषेत काही नावं आधीच ठरलेली असतात. लिहिणाऱ्यानं त्यांत काही भरायचं नसतं. ती भरलेलीच येतात. 'आजची तारीख' हे त्यांतलंच एक. मला ती नावं माहेरची वाटली. पोरगा दारात येण्याआधीच गुरुजींनी मलाही ठरवून ठेवलं होतं.

आजची तारीख माझ्याशी जुळली, की शुभेच्छा आपोआप जात. अशी अकरा वर्षं गेली. लेकीला त्या दिवशी काही आठवतही नसे. संध्याकाळी बापूंचा फोन येई, "इतक्या कामात याद ठेवली, बेटा!"

"हो, बापू," ती म्हणे. खरं सांगायचं दर वर्षी पुढच्या वर्षावर जाई.

मित्रांनो, आम्ही तारखा कागदाला पुरतो. तुमचं माणूस कोणत्या पिकात जन्मलं, हे त्याची आई आहे तोवर तिला विचारून ठेवा. आणि त्याची आठवण काढायचं काम आमच्यावर टाकू नका.

तो प्रोग्रॅम बंद करायचा राहून गेला. पुढच्या एक जुलैला लेक तांड्यावर होती. तिची आई हिरीबाई नवऱ्याचा मोबाइल अजून रोज चार्ज करून ठेवत असे. सहाला तो वाजला. हिरीबाईनं पदरानं काच पुसली.

"पाह्य व, ते गेले तरी तुनं याद ठेवली."

लेकीनं तो मोबाइल तिच्या हातातून घेतला. मग म्हणाली, "नाही, माय. ते मशीन पाठवे. मले एकबी साल याद नोहतं."