दादांना विचारून सांगते

फ्रिजने एक उचकी दिली आणि तो थरथरायला लागला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मुंगीला बालवाडीच्या गाडीत बसवून आल्यापासून घरात कसलाच आवाज झालेला नव्हता.

"हो, ऐकलं," मी फ्रिजला म्हटलं आणि ब्रश पुन्हा खळीत बुडवला.

मुंगी म्हणजे माझी लेक. एका खोलीतली वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणं हे तिचं दिवसभराचं काम, म्हणून मुंगी. माझं काम खोकी करण्याचं. जाड पुठ्ठ्याची, वरून रंगीत कागद चढवलेली, झाकणाची, आत काहीतरी मोलाचं ठेवावं अशी. चांगल्या खोक्याची एक खूण असते. झाकण वर टेकवायचं आणि हात सोडायचा. सैल असलं तर ते टपकन पडतं, घट्ट असलं तर हट्टी पाहुण्यासारखं अडून बसतं. नीट जमलं असेल तर आतल्या हवेवर तरंगत आपलं आपण खाली उतरतं आणि टेकताना बारीक सुस्कारा सोडतं. त्या सुस्काऱ्यासाठी नोकरी सोडली म्हटलं तर लोक हसतील, म्हणून मी मुलीसाठी सोडली असं सांगते. ते सगळ्यांना लगेच पटतं.

नोकरी मोठ्या कंपनीत होती. फिरती खुर्ची, न उघडणाऱ्या काचा, पाण्याच्या मशीनपाशी गप्पा. तिथे कुणी न शिकवताही एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडते: हो किंवा नाही आपण म्हणायचं नाही. कुणी काही मागितलं, की "वर विचारून सांगते." वर कोण बसतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी ज्यांना विचारायचे ते त्यांच्या वर विचारायचे. एकदा आमच्या खिडकीचा फाटका पडदा बदलायचा प्रश्न वर गेला, तो वरचाच झाला. मी बाहेर पडले त्या दिवशीही तोच पडदा लोंबत होता. मी आणि शेजारच्या टेबलावरची बडबडी त्यावर पोट धरून हसायचो. बडबडी इतकं बोलायची की माझा डबा गार व्हायचा. हिला एखादं बटण असतं तर बंद केलं असतं, असं तेव्हा वाटायचं.

आता बडबडीचा फोन येतो तो असा: "काय मालकीणबाई, मजा आहे बुवा तुमची. ए थांब, आत बोलावलंय. नंतर करते हं." तिचं ते 'नंतर' बहुतेक अजून वर मंजुरीला गेलेलं आहे.

सासूबाईंचा फोन मात्र नेमाने येतो. "बरं झालं बाई, आता घरीच असतेस. दुपारी जरा पडत जा." नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी असतो, शनिवारी येतो तो धुवायच्या कपड्यांसकट, आणि दमलेला. आणि कंपनीतल्या मॅडमनी माझी जागा अजून भरलेली नाही. "महिनाअखेरपर्यंत विचार कर," असं त्या म्हणाल्यात. त्यांचा स्वभाव चांगला आहे, हीच पंचाईत.

तर हे दादा.

घड्याळांच्या दुकानाचे मालक पहिल्यांदा फोनवर बोलले, तेव्हा त्यांना खोकी परवाच हवी होती. परवा होणं शक्य नव्हतं. खळ लावलेला कागद वजनाखाली पुरता वाळला नाही, तर झाकण आज सरळ दिसतं आणि चार दिवसांनी होडीसारखं वाकतं. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण इतकी वर्षं तो कधी वापरलाच नव्हता, गंजून बसला होता. तोंडातून निघालं, "थांबा हं, आमच्या दादांना विचारून सांगते."

मला दादा नाही. मी आईवडिलांना एकटीच.

फोनवर तळवा ठेवून मी खोलीकडे पाहिलं. नुसतंच थांबलं तर संशय येईल, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं, "दादा, परवापर्यंत होतील का हो?" खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती. ती काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं नकाराचंच होतं.

"दादा नाही म्हणतायत," मी फोनवर सांगितलं. "घाई केली तर झाकण वाकेल म्हणतात."

पलीकडून खरखरीत आवाज आला, "बरोबर बोलले. घाई करणारा माणूस मला चालतच नाही. पुढच्या आठवड्यात द्या."

एकदा ओठांवर बसलेलं नाव उतरेना. भाव कमी करा म्हटलं, दादा नाही म्हणाले. चकचकीत कागद लावा म्हटलं, दादांनी नाक मुरडलं. हळूहळू दादांना स्वभाव आला. चहात साखर कमी. बोलणं मोजकं. कोपऱ्यात कागदाखाली हवेचा बारीक फुगा राहिला, की त्यांची भुवई वर. मग फोन नसतानाही मी विचारायला लागले. "दादा, निळा की करडा?" "दादा, हे जाऊ दे का असंच? कुणाला दिसणार आहे?" खुर्ची गप्प राहायची आणि मी कागद सोलून पुन्हा चढवायचे. कधीकधी भांडायचेही. "तुमचं काय जातंय बसून बोलायला? हात माझे चिकट होतायत." भांडण झालं की दिवस भरल्यासारखा वाटायचा.

नवऱ्याने एकदा शनिवारी ऐकलं. "पगार किती देतेस ग त्यांना?"

"तुझ्यापेक्षा जास्त. घरी असतात निदान."

तो हसला, मग हसायचा थांबला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून कपडे मशीनमध्ये टाकायला गेला.

मुंगीला काही समजावावं लागलं नाही. तिने त्या खुर्चीवर आपली छोटी उशी नेऊन ठेवली. दादांना टोचतं म्हणाली.

त्या दिवशी फ्रिजची उचकी ऐकून मी दोन खोक्यांना कागद चढवला असेल नसेल, तोच घड्याळवाल्यांचा फोन आला. ते आणखी दुकानं उघडत होते. सगळ्या दुकानांची खोकी आमच्याकडूनच घ्यायचा त्यांचा विचार होता. असं काम मिळालं तर वर्षभर मान वर करायला फुरसत नाही आणि मॅडमना नम्रपणे नाही कळवता येतं. नाही मिळालं तर फिरती खुर्ची आहेच, हे मी मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं.

"पण एक आहे ताई," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलणं झालंच. आता दादांना भेटायचंय. एवढं मोठं काम मी ज्याच्या हातात देतो, तो हात आधी पाहतो. दुपारी येतो."

"दादा दुपारी..." मी सुरुवात केली.

"असतील ना? का त्यांनाच विचारून सांगता?"

यावर ते स्वतःच हसले. मीही हसले. फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. तो खळीचा होता.

सरळ फोन फिरवून खरं सांगता आलं असतं. पण मी काय केलं, तर नवऱ्याचा जुना सदरा खुंटीवर लटकवला. त्याच्या चपला दाराशी मांडल्या. दादांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर चहाचा कप ठेवला आणि कुणीतरी त्यातला प्यायल्यासारखं दिसावं म्हणून अर्धा स्वतः प्यायले. साखर कमी घातली होती. आत्ताच कुठे बाहेर पडले, असं सांगायचं ठरवलं. वहिनींना दवाखान्यात न्यायचं होतं. वहिनी कधी आल्या आमच्या घरात, कुणास ठाऊक, पण आता त्यांचे गुडघेही दुखायला लागले होते.

बालवाडीची गाडी आली. मुंगीला जेवायला वाढलं, तोंड पुसलं आणि बजावलं, "काका येतील, तेव्हा आत खेळायचं."

"बरं," ती म्हणाली. ती 'बरं' म्हणते तेव्हा मला भीती वाटते.

घड्याळवाले आवाजावरून वाटले होते त्यापेक्षा बुटके निघाले. हातात एकही घड्याळ नव्हतं. खोलीच्या मध्यभागी उभे राहून त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं: पुठ्ठ्यांचा ढीग, कापायची पट्टी, जुन्या इस्त्रीखाली दाबून ठेवलेली झाकणं. एक तयार खोकं उचललं, झाकण टेकवलं, हात सोडला. आम्ही दोघं पाहत राहिलो. झाकण उतरत गेलं आणि त्याने सुस्कारा सोडला.

"वा," ते म्हणाले. "कुठे आहेत?"

"आत्ताच बाहेर पडले. वहिनींना जरा..."

"ते बाहेर जात नाहीत," दारातून मुंगी म्हणाली. तिच्या हातात आंघोळीचा मग होता. तो कुठून कुठे चालला होता देव जाणे. "दादा खुर्चीवरच असतात."

घड्याळवाल्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर उशी, उशीवर बदकाचं चित्र.

"हो का? मला दिसत नाहीत ते."

"ते कुणालाच दिसत नाहीत," मुंगी समजुतीने म्हणाली. "आई त्यांच्याशी बोलते. आणि त्यांचा चहा आईच पिते."

फ्रिज नेमका तेव्हाच बंद पडला. इतकी शांतता त्या घरात मी एकटी असतानाही कधी झाली नव्हती.

घड्याळवाल्यांनी खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. ते हसतील असं वाटलं, ते हसले नाहीत. चिडतील असं वाटलं, चिडलेही नाहीत. खोकं जागेवर ठेवून म्हणाले, "परवापर्यंत होणार नाहीत, असं मला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"चकचकीत कागद नको म्हणून?"

"मीच."

"आणि मी तीन महिने माझ्या पोरांना सांगतोय, त्या दादांसारखं वागायला शिका." त्यांनी मान हलवली. "ताई, तुम्ही एकट्या आहात म्हणून मी काम दिलं नसतं, असं वाटलं का तुम्हाला?"

खरं म्हणजे तसंही नव्हतं. मी नाही म्हटलं तर ते ऐकतील, याचाच भरवसा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "सवय होती. वर विचारायची."

त्यांनी ढिगातला एक पुठ्ठा उचलून वाकवून पाहिला आणि परत ठेवला. मुंगी आपला आंघोळीचा मग घेऊन त्यांच्या पायाशी येऊन बसली. मला वाटलं, आता निघून जातील. ते जातील तर जाऊ दे, निदान हे नाटक संपेल, असंही वाटलं. आणि मग फिरती खुर्ची डोळ्यांपुढे आली, मागे तो फाटका पडदा.

"दुकानं उघडायच्या आधी सगळी खोकी हवीत," ते एकदम म्हणाले. "पंधरा दिवसांत."

सवयीने माझी मान खिडकीकडे वळायला निघाली. घड्याळवाले ती मान बघत होते. खुर्चीवर फक्त बदक होतं.

"नाही," मी म्हटलं. आवाज जरा चिरकला. "पंधरा दिवसांत नाही होणार. पहिल्या दुकानापुरती देते. बाकीची महिन्याभराने. घाई केली तर झाकण वाकेल."

"हं," ते म्हणाले. दाराशी जाऊन चपला घालू लागले, तर घाईत नवऱ्याच्या चपलांत पाय गेला. तो काढून त्यांनी आपल्या चपला शोधल्या. "महिन्याभराने. पण यापुढे फोनवर उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं. मध्ये कुणी नको."

"नाही. कुणी नाही."

"दादांना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दार लावलं. काम मिळालं होतं. ही बातमी कुणाला तरी सांगावीशी वाटली. नवऱ्याचा फोन बंद होता, त्याची बैठक चालू असणार. बडबडीने फोन उचलला, मागे खूप माणसांचा गलका होता. "ए, ग्रेट ना. ऐक, नंतर करते हं." आईला लावला, तिला आधी माझा आवाजच नीट ऐकू येईना, मग ऐकू आला तर म्हणाली, "जेवलीस का?"

मी सवयीने वळले. "ऐकलंत का..." आणि थांबले.

मग सदरा खुंटीवरून काढला. चपला कपाटात टाकल्या. गार झालेला चहा मोरीत ओतला, कप विसळला. खुर्ची ओढून टेबलाशी आणली, कारण एवढी खोकी उभ्याने होणार नव्हती, आणि घरात दुसरी धड खुर्ची नव्हती. बसायच्या आधी उशी उचलून मुंगीकडे दिली.

तिने ती पोटाशी धरली. "दादा आता नाही येणार?"

"नाही ग."

"काका रागावले म्हणून?"

"कुणी रागावलं नाही. त्यांचं काम झालं, ते गेले."

मुंगीने या उत्तराला सगळीकडून हात लावून पाहिलं असावं. उशी घेऊन ती दारापर्यंत गेली, तिथून परत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मी पट्टी लावून पुठ्ठ्यावर पहिली रेघ ओढली. खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज होता.

"आई," ती म्हणाली, "मी शाळेत गेले की मग तू कोणाशी बोलणार?"