तार काढली तरी वाजणारा गळा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती आणि जिन्यात अडकलेले लोक "अहो, पुढे सरका की" म्हणत पुढच्यांना ढोसत होते. समोर मंचावर एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, त्याच्याशेजारी दिवे लुकलुकणारी एक छोटी पेटी आणि मागच्या भिंतीवर मोठा पडदा. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर अवघडून बसले होते. पेटीतून निघालेल्या तारेच्या टोकाला पितळी चकती होती. नादाने रोग बरे करतो म्हणणाऱ्या नादगुरूंनी ती मास्तरांच्या छातीला लावली आणि डोळे मिटले. लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला, पडद्यावर हिरवी रेघ थरथरत उमटू लागली आणि रिकाम्या हंड्यात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज स्पीकरमधून घुमला.

"ऐका! हा तुमच्या हृदयाचा आत्मनाद!" नादगुरू म्हणाले. "पहिल्या दिवशी कसा होता? करवतीसारखा! आज? लोण्यासारखा! अहो, विज्ञान जिथे दमून खाली बसतं ना, तिथून आमचा नाद चालायला लागतो."

टाळ्यांनी छत दणाणलं. विज्ञान टेबलावर, वायर भिंतीत खुपसून, मुकाट्याने गुरूंचीच हमाली करत होतं. पण तिकडे बघायला फुरसत कुणाला होती?

फुरसत एकीलाच होती. तिसऱ्या रांगेत बसलेली धाकटी त्या पेटीकडे टक लावून बघत होती. तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण शेजारी बसलेली तिची ताई गावाला जास्त माहीत होती. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची ती ताईच. तिचा चेहरा न पाहिलेले लोकही तिचा आवाज ओळखत. गेले काही महिने तो आवाज बसला होता आणि गळ्याला हात लावला की सुपारीएवढी गाठ लागत होती. डॉक्टर म्हणाले होते, सुईने नमुना घेऊन तपासू, मग ठरवू. ताईने ती तारीख एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलली आणि मग तिला नादगुरू भेटले. गुरूंनी सांगितलं, "सुई लावू नका. सुई लागली की नाद फुटतो. गाठ आम्ही विरघळवू."

घाबरलेल्या माणसाला याहून गोड काय लागणार? ताईने डॉक्टरांचं नाव टाकलं. धाकटीला मात्र ते पटेना, कारण गाठ कुणाची वाट बघत थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. खराखुरा. नाद बंद पडला! गुरूंनी चकती लावली, लाल ठिपका लागला, पण रेघ हलेना. "इथे कुणीतरी संशय घेऊन बसलंय. संशयाने नाद रुसतो," असं सांगून गुरूंनी सभा आवरती घेतली. लोक एकमेकांकडे चोरासारखे बघत घरी गेले. आणि भाबड्या ताईने गुरूंच्या सेवकाला सांगितलं, "माझी धाकटी आवाजाचीच कामं करते. अंध मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतात ना, तिथे असते ती. तिला पाठवू का?"

धाकटी गेली. हॉल रिकामा होता. सेवक टेबलापाशी घाम पुसत उभा.

"काय रुसलंय?" तिने विचारलं.

"परवा रात्री कॉम्प्युटरने आपलं आपणच काहीतरी अपडेट केलं," सेवक कुजबुजला. "तेव्हापासून पेटी दिसतच नाही त्याला."

म्हणजे संशय कुणाच्या मनात नव्हता, कॉम्प्युटरच्या पोटात होता. ती पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकचा, म्हणजे इथे त्या चकतीचा, आवाज कॉम्प्युटरला द्यायचा आणि कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला द्यायचा, एवढंच तिचं काम. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटर बदलला, दुभाषा जुनाच राहिला, की दोघांचा अबोला सुरू. धाकटीने जुना ड्रायव्हर काढला, पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा उतरवून बसवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेटीचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन तिने आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे पाठवायचा ते निवडलं. मग चकतीवर नख वाजवलं. टक्, टक्. रेघेवर दोन सुबक टेंगळं उठली.

"झालं. ठणठणीत आहे."

सेवकाचा चेहरा मात्र पडला. "असं नको. चकतीचा आवाज शून्यावर करा. आणि ते लूपबॅक असतं ना, ते लावून द्या."

धाकटीचा हात थबकला. "अहो, चकती शून्यावर ठेवली तर तिच्यातून काही आतच जाणार नाही."

"ते तुम्ही नका बघू. आमचं असंच असतं."

असं होय! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लूपबॅक ही काही वाईट गोष्ट नाही, ती स्वतः कामात रोज वापरायची. कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज पुन्हा त्याच कॉम्प्युटरमध्ये बाहेरून आल्यासारखा नोंदवायचा असेल, तर ते लावतात. म्हणजे आत एखादी फाइल वाजवायची आणि रेघ अशी उमटवायची, की जणू ती समोरच्या माणसाच्या छातीतूनच येतेय. रागाने तिचे कान तापले. तरी तिने सेवक म्हणाला तसं सगळं मुकाट्याने लावून दिलं. खोटं पकडायचं तर ते चालू असताना पकडायला हवं.

तिथून ती तडक ताईच्या घरी गेली. ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. धाकटीने एका दमात सगळं सांगितलं.

"तुझा गळा त्या यंत्रात जातच नाही, ताई! आधी करून ठेवलेला आवाज आहे तो."

"तुला सगळंच खोटं वाटतं," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लहानपणापासून तुझं हेच. मला बरं वाटतंय ते दिसत नाही तुला?"

"बरं वाटतंय की भीती कमी वाटतेय?"

ताईने हातातली ताटली आपटली. "हो, वाटते भीती! सुई लावली आणि भलतंच निघालं तर? आवाज गेला तर? माझ्याकडे दुसरं आहे काय गं? ते तू येऊन सांगणार आहेस मला?"

भावजी बाहेरून ओरडले, "अगं, हिचा गळा दुखतोय आणि तुम्ही दोघी भांडताय काय!" बहिणीची भीती खरी होती, आणि त्या भीतीवर कुणीतरी पोळी भाजून घेत होतं. ती चप्पल घालून बाहेर पडली, तेव्हाच तिने ठरवलं होतं की जे बोलायचं ते आता हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी हॉल पुन्हा ठेचून भरला. "नाद परतला!" अशी आवई उठली होती. गुरूंनी ताईला खुर्चीत बसवलं, चकती गळ्याला लावली आणि तिच्याच हाताने दाबून धरायला सांगितली. हुंकार घुमला. पडद्यावर रेघ मऊ लाटांसारखी वाहू लागली.

"गाठ विरघळली!" गुरूंनी जाहीर केलं. "आता डॉक्टर नको, सुई नको, औषध नको!"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि धाकटी मंचावर चढली.

"खाली उतर!" सेवक खेकसला.

"नाही उतरणार. गळा माझ्या बहिणीचा आहे." असं म्हणत तिने पेटीमागची तार उपसून काढली आणि हात वर करून लोकांना दाखवली. "बघा. आता चकती कशालाच जोडलेली नाही."

हुंकार चालूच होता. रेघ चालूच होती. आता लोकांना कळेल, असं धाकटीला वाटलं. पण गुरू तिच्याहून चपळ निघाले. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे फेकले.

"पाहिलंत? तार काढली तरी नाद थांबत नाही! आत्म्याला तारेची गरजच नाही! ही पोर परीक्षा घ्यायला आली आणि साक्ष देऊन बसली!"

छत उडेल एवढा कडकडाट झाला. चोराच्या हातात मुद्देमाल दाखवावा आणि लोकांनी चोरालाच हार घालावा, अशी गत झाली. ताईने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर तिथेच खचली असती.

धाकटी खचली नाही. तिने चकती ताईच्या गळ्यावरून काढून टेबलाच्या पायाला टेकवली. रेघ तशीच वाहत राहिली. "मग टेबलाचीही गाठ विरघळली म्हणायची का?"

पहिल्यांदाच मागून कुणीतरी फिसकन हसलं. "टेबलात तुझ्या ताईच्या नादाचा अंश उतरलाय," गुरू म्हणाले, पण जरा घाईने.

ती लॅपटॉपकडे वळली तेव्हा सेवक आडवा आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून पोस्टमास्तर उठले. "बघू द्या हो तिला. खरं असेल तर बघितल्याने झिजणार आहे का?" सेवकाने गुरूंकडे बघितलं. एवढ्या लोकांपुढे नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

धाकटीने पेटीचं सेटिंग उघडलं. मागच्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसत होतं. "हे लूपबॅक. कॉम्प्युटरच्या पोटातला आवाज फिरवून पुन्हा त्याच्याच पोटात घालतं. आज दुपारी मीच लावून दिलंय, यांच्या सांगण्यावरून. आता काढते." तिने खूण काढली. रेघ आडवी झाली, ओढलेल्या दोरीसारखी सरळ. पण हुंकार स्पीकरमधून येतच होता.

"ताई गप्प बसलीय. चकती माझ्या हातात आहे. तार खाली पडलीय. मग गातंय कोण?"

सेवकाचा हात खिशात, तिथल्या रिमोटवर गेला आणि हुंकार तटकन थांबला. अख्ख्या हॉलने तो हात बघितला. धाकटीने प्रोग्रॅमच्या मागे दडवलेली दुसरी खिडकी पुढे आणली, तिथली फाइल वाजवली. तोच हुंकार.

"अहो!" पोस्टमास्तर ओरडले. "हा तर माझा नाद! माझ्या हृदयाचा!"

"तुमचा नाही आणि ताईचाही नाही, काका. फाइल एकच, रोगी बदलतात. करवतीसारखी वेगळी ठेवलीय, लोण्यासारखी वेगळी."

हशा पिकला. धाकटीने तार पुन्हा जोडली, चकतीचा आवाज वाढवला आणि चकती ताईच्या हाती देऊन, तिच्या गळ्याला टेकवून ती समोर गुडघ्यांवर बसली. "आता यात खरंच तुझा गळा जाईल. बोल काहीतरी."

"काय बोलू?" ताई म्हणाली.

ते दोनच शब्द मोठ्या स्पीकरमधून आले. खरखरीत, चिरके, मध्येच तुटलेले. पडद्यावर रेघ झुडपासारखी विस्कटून उठली. रोज ज्या आवाजावर लोक गाड्या पकडायचे, तोच हा आवाज, यावर कुणाचा विश्वास बसेना. ताईने तोंडावर हात ठेवला. इतके दिवस घरातल्या कुणीही तिला तिचा आवाज एवढा स्पष्ट ऐकवला नव्हता.

"हा... हा असा झालाय?"

"हो," धाकटी म्हणाली. "आणि ताई, या रेघेतून गाठ दिसत नाही. चांगली की वाईट, ते मलाही सांगता येणार नाही. ही नुसती आवाजाची पेटी आहे. गाठ बघायला डॉक्टरच लागतात."

"अश्रद्धेच्या जागी नाद राहत नाही," म्हणत नादगुरू पायऱ्या उतरले. पाचपन्नास माणसं त्यांच्यामागे गेलीसुद्धा. सगळा हॉल एका फटक्यात शहाणा झाला असं सांगितलं तर तो आणखी एक चमत्कार होईल. पण बरेच थांबले. पोस्टमास्तर खुर्चीचा आधार घेत पुढे आले. चेहरा पांढरा पडला होता.

"पोरी, यांनी मला हृदयाच्या गोळ्या बंद करायला लावल्यात. आता... पुन्हा चालू करू का?"

हॉलमधलं हसू कुठल्या कुठे गेलं. "ते मला विचारू नका, काका," धाकटी म्हणाली. "मी ड्रायव्हर बसवणारी. उठा, आत्ताच्या आत्ता तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि तुम्ही सगळे ऐका! उद्या दुसरा कुणी दुसरी पेटी घेऊन येईल. दिवे लुकलुकतात म्हणून हात जोडू नका. विचारा: आत काय जातंय, बाहेर काय येतंय, तार सोडवली तर काय होतं? आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका. प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, फक्त उभं राहावं लागतं."

ताई खुर्चीतून उठली. चकती अजून तिच्या हातात होती. तिने ती गळ्याला लावली आणि त्या फाटक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी उद्या सुई लावून घ्यायला जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. नाव पुकारलं तशी ताईने धाकटीचा हात धरला. धाकटी म्हणाली, "अजून भीती वाटतेय ना?"

"वाटतेय. खूप वाटतेय," ताई म्हणाली आणि पदर सारखा करून उठली. "पण जे निघेल ते माझं असेल. मास्तरांना वाजवलेली फाइल नसेल."

आणि ती दार ढकलून आत गेली.