घरच्या कपड्यांना दोरा नसतो

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आजीची लॉन्ड्री होती आणि तिथे पावती मिळत नसे. आजीची शाळा दुसरीतच सुटली. अक्षरांनी तिला सोडलं की तिने अक्षरांना, या वादात ती कधी पडली नाही. तिने सरळ दोरे काढले. कपडा आला की कॉलरच्या आत, मानेला टोचणार नाही अशा बेताने, एक टाका. रंग शिक्षणाचा, गाठी माणसाच्या. लाल म्हणजे डॉक्टर होणारे, निळा इंजिनियर, पिवळा वकील, हिरवा झाडपाला आणि किडेमुंग्या शिकणारे. काळा म्हणजे कविता, इतिहास वगैरे, ज्यांना पुढे काय करणार असं विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात.

विद्यापीठात चाळीस हजार पोरं. त्यांतल्या एकालाही आजी विचारत नसे, काय शिकतोस म्हणून. विचारायचं कशाला? शितावरून भाताची परीक्षा. महिन्याचे सगळे शर्ट एकदम आणून टाकतो आणि वर 'उद्या मिळतील का' म्हणतो, तो इंजिनियर. बटणं न सोडता डोक्यावरून ओढलेला शर्ट, म्हणजे काढता काढताच झोप लागलेली, तो डॉक्टर. इस्त्रीच्या घडीवरून बोट फिरवून 'मागच्या वेळी बरी होती' म्हणतो, तो वकील. आणि कपडे टाकून तीन महिने गायब होतो, मग येऊन 'माझं इथे काही आहे का' विचारतो, त्याला डोळे मिटून काळा दोरा.

क्वचित एखाद्याचा ठाव लागत नसे. त्याला पांढरा. पांढरा म्हणजे ओळख पटली नाही. आजीला पांढऱ्याची लाज वाटायची. आठ दिवसांत ती तो उसवून खरा रंग घालायचीच.

घरच्या कपड्यांना मात्र दोरा नसायचा. घरचं माणूस ओळखायला खूण लागली तर त्याला घर कशाला म्हणायचं?

"वहिनी, एखादा रंग चुकतही असेल की," इस्त्रीवाले तात्या कधीमधी म्हणायचे. तीस वर्षं ते त्याच टेबलाशी उभे होते.

"घडी चुकते, तात्या. तुमची. रंग चुकत नाही."

आजीला घोर होता तो एकच. दोऱ्यांचा डबा पुढे कुणाच्या हातात द्यायचा? लेक बँकेत लागली तेव्हापासून दुकानात यायची ती नाकाला रुमाल लावून. ज्या साबणावर वाढली त्याच साबणाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं.

आणि मग चिमी आली. चिमी म्हणजे लेकीची लेक. त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, माणसांची मनं कशी चालतात ते शिकत होती. आडनाव बापाचं, चेहराही बापाचा, त्यामुळे ही आजीची नात हे फाटकाच्या आत कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सुट्टी संपली तशी ती रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागली.

"आजी, हा शर्ट कुणाचा?"

"बघ की. डोळे दिलेत देवाने."

"निळा?"

"अगं, इंजिनियर एवढी कॉलर मळवतो का? त्याची मान सदा खाली. ही मान वर करून भांडणाऱ्याची आहे. पिवळा ओव."

चिमी वहीत लिहून घ्यायची.

"लिहायचं काय त्यात? डोक्यात ठेवावं."

"माझं डोकं तुझ्यासारखं नाही गं, आजी."

हे वाक्य आजीने तात्यांना त्या आठवड्यात तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा तात्यांनीच ते तिला पूर्ण करून दाखवलं. एकदा चिमीने सुई-दोरा धरलेल्या तिच्या हातांचा फोटो काढला. "छान दिसतात," म्हणाली. त्या हातांना साबणाने पडलेल्या भेगांशिवाय दुसरं काही मिळालं नव्हतं, छान तर कुणीच म्हटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आजी डबा घेऊन पत्रेवाल्याकडे गेली आणि कधीपासूनचं चेपलेलं झाकण ठोकून सरळ करून आणलं. द्यायची वस्तू चेपलेली देऊ नये.

मधे एका दुपारी एक मुलगी पांढरा कोट घेऊन आली. छातीपाशी तपकिरी डाग, डोळे सुजलेले. "पहिलाच पेशंट होता, आजी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आजीने लाल दोरा ओवला, तिला आत स्टुलावर बसवलं आणि डाग चोळायला घेतला. चोळता चोळता तिच्या तोंडून निघून गेलं.

"आमचे हे गेले तेव्हा मी जवळ नव्हते, बाळा. इथेच होते. निरोप आला होता दवाखान्यातून, पण म्हटलं, एवढा हातातला कोट करू आणि जाऊ. तेवढ्यात ते गेले. तू निदान उभी होतीस ना समोर? मग रडू नकोस."

हे तिने लेकीला सांगितलं नव्हतं, तात्यांनाही नाही. चिमी शेजारी घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. आजीला वाटलं, पोरीलाही रडू येतंय.

नंतर एक दिवस पिवळ्या दोऱ्याची, चार गाठींची मुलगी कपडे न्यायला आली. आजी तिला 'वकीलसाहेब' म्हणायची. घडीवरून बोट न फिरवता ती म्हणाली, "आजी, तुमचा फोटो लागलाय मोठ्या हॉलमध्ये. म्हणजे तुमच्या हातांचा."

"माझा? कुणी लावला?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" वकीलसाहेबांचा चेहरा जरा पडला, पण आजीने तो पाहिला नाही. ती आत जाऊन ठेवणीतले कपडे काढत होती.

"तात्या, नातीने फोटो लावलाय. दुकान बघा, मी वकीलसाहेबांबरोबर जाऊन येते."

"एवढं दुकानच बघतोय तीस वर्षं," तात्या म्हणाले.

हॉलमध्ये भिंतीभर पोरांच्या अभ्यासाचे कागद टांगलेले, प्रत्येकासमोर पोरापोरींचे घोळके. आजीने आपले हात लांबूनच ओळखले. ताटाएवढे मोठे हात आणि त्यांत सुई. बाजूला रंगीत खांब काढलेले, लाल, निळा, पिवळा, हिरवा, काळा, काही उंच, काही बुटके. घरच्या लग्नात मिरवावं तशी ती तिथे उभी राहिली.

"वाचा, वकीलसाहेब. मोठ्याने वाचा."

"आजी, नंतर चिमीलाच विचारा ना."

"चिमीला काय विचारायचं, तिनेच लिहिलंय. वाचा."

मुलीने वाचलं. विद्यार्थ्यांविषयीचे ठोकळेबाज समज आणि त्यांची अचूकता. सहभागी, एक अल्पशिक्षित लॉन्ड्रीचालक महिला, वय अडुसष्ट. दोनशे बारा कपड्यांपैकी एकोणऐंशी कपड्यांच्या मालकांचे विभाग बरोबर, एकशे तेहतीस चूक.

"चूक म्हणजे?"

"म्हणजे दोरा चुकीचा, आजी."

"कोण म्हणतं?"

मुलगी कागदाकडून आजीकडे वळली. "मी वकिलीची नाही, आजी. मी आकडेमोड शिकते, गणितासारखं. तीन वर्षं तुम्ही मला वकीलसाहेब म्हणता. इतक्या खात्रीने म्हणायचात की मला मोडवेना."

आजीने तिच्या कॉलरकडे पाहिलं. पिवळा टाका तिला बाहेरून दिसत नव्हता, पण कुठे आहे ते ठाऊक होतं.

"पुढे."

पुढे लिहिलं होतं की समज किती पक्के आहेत ते पाहण्यासाठी अठरा विद्यार्थ्यांना मुद्दाम दुसऱ्या विभागाचे कपडे देऊन पाठवण्यात आलं. अठरांपैकी एकही ओळखता आला नाही. खाली चौकटीत उदाहरण होतं. मुलगी तिथे अडखळली, तशी आजीने नुसतं बोट ठेवलं. तिने वाचलं. "'निरोप आला होता दवाखान्यातून, पण म्हटलं, एवढा हातातला कोट करू आणि जाऊ.' सोंग न ओळखता आल्याने सहभागीने अत्यंत खासगी गोष्ट उघड केली."

मागे दोन पोरं त्या चौकटीकडे बोट दाखवून हळू आवाजात बोलत होती. एकाच्या हातात चहाचा कप होता.

"ती कोटवाली," आजीने विचारलं, "डॉक्टरकीची नव्हती?"

"घरांचे नकाशे काढायला शिकते ती. नाटकात असते."

तास दीड तास चोळला होता तो डाग. केसाने गळा कापतात म्हणतात, चिमीने तर सुईत दोरा ओवायला माझ्याकडूनच शिकून कापला, असं आजीच्या मनात आलं. तरी ती हलली नाही.

"खाली बारीक अक्षरांत काय आहे?"

"ते काही नाही, आजी. असंच, नियमाचं असतं."

"वाच."

"'संशोधिका आणि सहभागी महिला यांची कोणतीही पूर्वओळख नाही.'"

तेवढ्यात चिमी आली. सोबत चष्मा लावलेले, मान तिरकी करून बोलणारे एक सर. चिमीने आजीला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग असा उडाला की कुठल्याही साबणाने उडाला नसता. सर मात्र खुश झाले.

"अरे वा, ह्याच का त्या? बाई, तुमच्याकडून आम्हाला पुष्कळ शिकायला मिळालं. ही मुलगी दुकानात यायची ना तुमच्या? तुम्ही ओळखता हिला?"

चिमी आजीकडे बघत राहिली. लहानपणी गरम इस्त्रीला हात लावून झाल्यावर ती असंच बघायची, बोलायची नाही. एक शब्द पुरला असता. आजीला वाचता येत नसलं तरी कोणत्या शब्दाने हा अख्खा कागद भिंतीवरून खाली येईल, ते तिला नीट कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "लिहिलंय की तिथे."

आणि ती निघाली. जिना उतरताना वकीलसाहेबांनी हात पुढे केला. आजीने कठडा धरला.

संध्याकाळी चिमी दुकानात आली तेव्हा तात्या इस्त्री थांबवून बाहेर जाऊन उभे राहिले.

"आजी, ऐक ना. घरच्या माणसावर अभ्यास करता येत नाही, तसा नियम आहे. म्हणून तसं लिहावं लागलं."

"मग घरच्या माणसावर करायचा नव्हता."

"तुला चुकीची ठरवायला नाही केला गं. डोळे मिटून पाचांतला कुठलाही दोरा घातला असता तर बेचाळीस बरोबर आले असते. तुझे एकोणऐंशी आलेत. जवळजवळ दुप्पट. सर म्हणाले, बाई फार हुशार आहे."

"सरांना सांग, बाईला ठाऊक आहे."

"मग राग कशाचा?"

आजीने हातातला शर्ट बाजूला ठेवला. "चुकीचं मी सोसलं असतं. उद्या एकशे तेहतीस दोरे उसवून बसले असते. पण तुझ्या आजोबांची गोष्ट मी तुझ्या कागदासाठी काढली नव्हती. त्या दिवशी तू शेजारी होतीस. थांब आजी, असं एकदा म्हणायचं होतंस."

चिमी रडली. खरं रडली असावी. पण खरं आणि सोंग यांतला फरक आता कळतो असं आजीला छातीठोक म्हणवेना, म्हणून ती उठली नाही.

चार दिवसांनी चिमी पुन्हा आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नेहमीसारखी ती दुकानाच्या तोंडाची आडवी फळी उचलून आत यायला लागली तर फळी खालून कडी लावून बंद होती. आजीने फळीवर घडी केलेला निळसर शर्ट ठेवला, चिमीचाच, गेल्या आठवड्यात धुवायला टाकलेला.

"घ्या, ताई. तुमचा झालाय."

चिमीने शर्ट उचलला. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, कॉलर उलटून पाहिली. आत पांढरा टाका होता. एक गाठ.

"आठ दिवसांनी उसवतेस ना तू पांढरा?" तिने हळूच विचारलं.

टेबलाशी तात्यांची इस्त्री थांबली. डबा आजीच्या मांडीवर होता, सरळ केलेल्या झाकणाचा. आजीने तो बंद केला आणि मागे उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. एकदम आठ शर्ट, सगळे कालपर्यंत वापरलेले, वर 'उद्या मिळतील का' म्हणणारा.

"तुम्ही काय शिकता?" आजीने त्याला विचारलं.