ठिपक्यांमागचे दात

सुप्याच्या एमआयडीसीतल्या पंप बनवणाऱ्या कंपनीने आपली गंगाजळी क्रिप्टोत का ठेवावी, हे कुणी विचारलं नाही. चेअरमन आप्पासाहेब दुबईला एका परिषदेला गेले, येताना खजूर आणले आणि हा विचार आणला. खजूर आठवड्यात संपले.

विचाराला मात्र डॅशबोर्ड लागला. रिसेप्शनमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर तो दिवसभर चालू असे. पैसे आले की हिरवी रेघ, गेले की लाल, मंजुरीसाठी थांबले की पिवळी. मंजुरी दोघांची लागे: फायनान्सचे प्रमुख कल्याण सर आणि ट्रेझरी सांभाळणारी पंकजा. कल्याण सर चहाचा घोट घेता घेता मंजुरी देत. पंकजाचा चहा निवून जाई.

त्यामुळे टीव्ही बराच वेळ पिवळा दिसे आणि पाहुण्यांपुढे कंपनीला कावीळ झाल्यासारखं वाटे. कल्याण सरांनी उपाय सुचवला: सोमवारपासून दुसरी मंजुरी कॉम्प्युटरच देईल. म्हणजे पंकजाचं पदच जाणार होतं. आप्पासाहेब शुक्रवारी टीव्हीसमोर उभं राहून निर्णय देणार होते.

"हे दुबईच्या पुरवठादाराचे दोन कोटी," शुक्रवारी सगळे जमल्यावर कल्याण सर म्हणाले. "माझी मंजुरी झाली. आता फक्त बघत राहा."

सगळे बघत राहिले. रेघ पिवळीच राहिली.

"मॅडम, मुहूर्त काढताय का?"

"सर, पत्ता कुठून घेतला?" लॅपटॉपवरून मान न उचलता पंकजाने विचारलं.

"व्यवहारांच्या यादीतून उचलला. सुरुवात बघा, शेवट बघा. तोच आहे."

क्रिप्टोत खात्याचा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक मालगाडी. डॅशबोर्ड सोयीसाठी इंजिनाकडचे चार डबे दाखवी, शेवटचे चार दाखवी आणि मध्ये ठिपके देई.

"शिंगं तीच आहेत, शेपूटही तेच," पंकजा म्हणाली. "दात बघायचेत."

"दात?" आप्पासाहेब.

"मी घोडेगावची, साहेब. वडील बाजारात दलाल आहेत. तिथे शिंगं तासून, रंगवून म्हातारा बैल तरणा म्हणून आणतात. खरं वय दातांवरून कळतं, म्हणून नाना जबडा उघडल्याशिवाय सौदा करत नाहीत."

"हा बैलबाजार नाही, मॅडम."

"तिथे निदान बैल समोर असतो, सर."

तिने ठिपक्यांवर क्लिक केलं. टीव्हीवर पूर्ण पत्ता उघडला. त्याच्याखाली तिने करारातला पत्ता आणून ठेवला. सुरुवात तीच, शेवट तोच, मधलं सगळं वेगळं.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला आणि निवडणुकीआधी मतदारयादी वाचावी तसं एकेक अक्षर वाचलं.

"ठगाने आपला पत्ता मुद्दाम असा बनवलाय," पंकजा म्हणाली. "त्यावरून काल आपल्याला चिल्लर पाठवली, म्हणजे तो आपल्या यादीत येऊन बसला. घाईतला माणूस तिथूनच उचलतो."

घाईतला माणूस टीव्हीच्या वायरीकडे निरखून बघत होता.

"आणि पैसे गेले असते तर?"

"गेले असते, साहेब. इथे ज्याच्यापुढे जाऊन रडावं असा बँकेचा मॅनेजर नसतो."

तिने 'नामंजूर' दाबलं. पिवळी रेघ पुसली गेली. पैसे होते तिथेच राहिले. अशा घटनेचे आपल्याकडे सहसा पेढे वाटत नाहीत. आप्पासाहेबांनी वाटले.

"कल्याणराव, तुमचं ते सोमवारचं कॉम्प्युटरचं?"

"त्याचा आणखी अभ्यास करावा म्हणतो."

"करा. मॅडमकडे करा."

पंकजाने बाहेर येऊन वडिलांना फोन लावला. बाजार भरात होता. मागे म्हशी ओरडत होत्या.

"नाना, आज कंपनीचे दोन कोटी वाचवले. नोकरीही वाचली."

"ब्येस. दलाली किती घेतली?"

"पेढा दिला."

नानांनी म्हशींच्या वर आवाज चढवला.

"पेढ्यावर सौदा सोडून आलीस? माघारी फिर आदी."

पंकजा माघारी फिरली. आप्पासाहेबांच्या केबिनमधून ती बाहेर आली तेव्हा तिचा पगार वाढला होता आणि कल्याण सरांनी पेढ्याचा दुसरा तुकडा खाली ठेवला होता.

हल्ली टीव्हीवर पत्ते पूर्ण दिसतात आणि त्यांच्याशेजारी नवा रकाना आहे: 'दात'. पंकजाची खूण तिथे उमटल्याशिवाय रेघ पिवळीच राहते. परदेशी पाहुणे त्याचा अर्थ विचारतात. ही आमची स्वतःची सुरक्षा पद्धत आहे, असं कल्याण सर त्यांना इंग्रजीतून, छाती काढून समजावून सांगतात.