मला सुरू व्हायला वीस मिनिटं का लागत होती

मी डोणगावच्या नीळकंठरावांच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. गेलं वर्षभर या घरात माझ्याबद्दल एकच तक्रार होती, की मी लवकर सुरू होत नाही. तक्रार खरी होती. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत मला वीस मिनिटं लागायची. नीळकंठराव बटण दाबून दाढीला बसायचे, मग आंघोळ, मग पूजा. पूजेची घंटा थांबली की त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "उठला काय तो?"

माझा जन्म मेहकरच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे जोडणी. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा, कीबोर्ड कुठला ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे कुळाचा अभिमान वगैरे मला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी नीळकंठराव शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. निवृत्त माणसाला काही ना काही उद्योग लागतोच. त्यांनी समाजातली लग्नं जुळवायला घेतली.

दर रविवारी लोक येतात आणि आपल्या मुलाचा किंवा मुलीचा बायोडाटा देतात. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं गाव आणि सगळ्यांत खाली अपेक्षा. नीळकंठराव तो दोन बोटांनी टाईप करतात आणि फोटो जोडतात. त्यांचा एक नियम आहे. लग्न जुळलं की ती फाईल 'शुभमंगल' नावाच्या फोल्डरमध्ये जाते, पण कोणाचंही नाव पुसायचं नाही. लग्नाआधी नाव पुसणं म्हणजे त्यांच्या मते अपशकुन. त्यामुळे माझा पडदा नावांनी इतका भरला आहे, की मागचं चित्र कसलं होतं ते आता मलाही आठवत नाही.

नीळकंठरावांची मुलगी सुचिता छत्तीस वर्षांची आहे. ती जानेफळच्या एका शाळेत गणित शिकवते आणि रोज स्कूटीवर जाते-येते. दोन वर्षांपूर्वी तिने याच खोलीत वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, आता माहा बायोडाटा कोनाले दाखवू नका. मले लग्न नाही करायचं. रागानं नाही म्हनून राह्यली, इचार करून सांगून राह्यली."

"हाव," नीळकंठराव म्हणाले होते.

तो शब्द त्यांनी पाळला नाही, हे घरात फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

माझ्यात एक जागा अशी आहे, की तिथे ठेवलेली फाईल मी सुरू होताच आपणहून उघडतो. ती जागा एका भाच्याने नीळकंठरावांना दाखवली होती. त्यांनी तिथे सुचिताचा बायोडाटा ठेवला, म्हणजे येणाऱ्याला सगळ्यांत आधी तीच दिसावी. दर वर्षी तिचं वय बदलायचं, फोटो बदलायचा, नवी फाईल तयार व्हायची. जुनी काढायची नाही, कारण नाव पुसायचं नाही. अशा नऊ सुचिता माझ्यात जमल्या. रोज सकाळी त्या नऊही जणींना उघडेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा. सुचिता स्वतः मोबाईलवर काम करते. रविवारी पाहुणे असताना ती या खोलीत येतच नसे, आलेले लोक तिच्याकडे टक लावून बघतात म्हणून.

मला दुरुस्त करायला मेहकरहून गणेश आला. गणेश म्हणजे दाढी पिकलेला, अनुभवी मेकॅनिक. त्याने माझ्या पोटातली धूळ फुंकून काढली, व्हायरस शोधला, मेमरी वाढवली. मग पडद्याकडे बघत म्हणाला, "काका, सुरू होतानाच लय फायली उघडून राह्यल्या. काढू काय?"

"त्याले हात नको लावू. बाकीचं पाह्य."

गणेशने बाकीचं पाहिलं आणि तो गेला. मी होतो तसाच राहिलो.

मागच्या महिन्यात एका रविवारी जळगाव जामोदहून महादेवराव आले. त्यांना भाचीसाठी स्थळं बघायची होती आणि दुपारच्या बसने परतायचं होतं. शकुंतलाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, त्यामुळे चहा सुचिताने आणला. नेमका तेव्हा मी पाचव्या सुचितावर अडकलो होतो.

"ही तुमचीच पोरगी न?" महादेवरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

सुचिताने कप खाली ठेवले. नीळकंठरावांनी माउस इकडे तिकडे हलवला, पण माझ्याने फाईल बंद होईना. मला फार ओशाळल्यासारखं झालं. महादेवरावांनी चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि भाचीचा बायोडाटा टेबलावर ठेवून, स्थळं न बघताच ते निघून गेले.

मग सुचिता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. नऊही फायली उघडेपर्यंत थांबली आणि एकेक वाचत गेली. पहिल्या फाईलमध्ये अपेक्षा होती, उच्चशिक्षित, नोकरदार, शक्यतो पुण्या-नागपूरकडचा. चौथ्यात नुसतंच नोकरदार. सातव्यात निर्व्यसनी. नवव्या फाईलमध्ये लिहिलं होतं, 'अपेक्षा काही नाही.'

"हे कोनं लिहिलं?"

नीळकंठराव कीबोर्डवरची धूळ पुसू लागले.

"माहं वय वाढलं तशा माह्या अपेक्षा तुम्ही कमी करत गेले बाबा. मले एकदा तरी इचारलं काय?"

"माह्या मागं तुह्यासाठी कोन पाह्यीन?" नीळकंठराव म्हणाले. "भेव वाटते मले."

"मी हरपली नाही बाबा. नोकरी करते, घर चालवते. माह्याकडं मीच पाह्यते न. मले भेव नाही वाटत. तुम्हाले वाटते, तर तसं सांगा. पन माह्या नावानं लोकायले इनंती नका करू."

तिने फायली त्या जागेवरून स्वतः हलवल्या नाहीत. माउस वडिलांच्या हातात दिला. नीळकंठरावांनी एकेक करून नऊ फायली बाहेर काढल्या. पुसल्या मात्र नाहीत, आणि सुचितानेही तसा आग्रह धरला नाही. त्या कामाला त्यांना बराच वेळ लागला. हात माझ्यापेक्षा हळू चालत होता.

आता मी मिनिटभराच्या आत सुरू होतो. नीळकंठरावांची दाढी अर्धीच झालेली असते, तेव्हा मी तयार असतो. तरीही मी म्हातारा आहे, माझा पंखा घरघरतो, फार वर्षं माझ्या हातात नाहीत. जाण्याआधी एकच विनंती. तुमच्या घरचा कॉम्प्युटर हळू झाला, तर त्याला भंगारवाल्याकडे देण्याआधी सकाळी सकाळी तुम्ही त्याला काय काय उघडायला लावता ते एकदा बघा.

परवा महादेवरावांचा फोन आला होता. नीळकंठराव कानाने अधू, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. महादेवरावांच्या ओळखीत एक इंजिनीअर होते, बायको वारलेली, घरदार चांगलं. त्या दिवशी पडद्यावर पाहिलेली तुमची पोरगी त्यांना पसंत पडेल, असं ते म्हणत होते. सुचिता आतल्या खोलीत वह्या तपासत होती. तिचा पेन थांबल्याचं मला कळलं.

नीळकंठरावांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. असं स्थळ नऊ वर्षांत आलं नव्हतं.

"नाही महादेवराव," ते म्हणाले. "तिले लग्न करायचं नाही."

"काऊन? काही अडचन हाये काय?"

"अडचन काही नाही. तिनं इचार केला, अन् नाही म्हनलं."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि महादेवरावांच्या भाचीचा बायोडाटा टाईप करायला घेतला.