माझ्या पोटातलं लोणी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माणूस असतो, तर डॉक्टरांनी मला कधीच झोपेची गोळी लिहून दिली असती. माझा एक पाय आखूड आहे. त्यामुळे मोटर सुरू झाली की मी थरथरतो आणि थरथरता थरथरता अंगठाभर पुढे सरकतो. रोज सकाळी कोणीतरी कंबरेचा धक्का देऊन मला परत भिंतीला लावतं. मी पुन्हा निघतो. कुठे जायचं आहे ते मला माहीत नाही. पण पोटात गुपित ठेवून जगावं लागलं, तर तुम्हीही एका जागी उभे राहणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही चाळीस भाऊ एका रांगेत उभे होतो. सगळे पांढरे, सगळे रिकामे आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: आपल्या पोटात काय ठेवणार? एक भाऊ औषधांच्या दुकानात गेला, एक फुलवाल्याकडे गेला. मी एका लहानशा गावातल्या डेअरीत आलो. गाव असं, की दर तीन घरांपैकी दोन घरांत गाय आणि तिसऱ्या घरात त्या दोन गायींबद्दल तक्रार.

डेअरीच्या मालकांना सगळं गाव मालकच म्हणे. डोक्याला पूर्ण टक्कल, त्यावर पांढरी कापडी टोपी. त्यांचा एकच नियम होता: फ्रीज बंद करायचा नाही. वीज गेली तर जनरेटर लावायचा. जनरेटर बिघडला तर दुसरा जनरेटर लावायचा. स्वतःच्या लग्नात ते मधेच उठून आले, माझ्या पोटाला कान लावून मोटर ऐकली आणि समाधानाने परत गेले. नवरीला काय वाटलं असेल कोण जाणे. मला मात्र फार अभिमान वाटला.

या नियमाचा परिणाम असा झाला, की माझ्या वरच्या कप्प्यातला बर्फ कधीच वितळला नाही. वर्षानुवर्षं तो जाड होत गेला. मालकांची बहीण तिथे लोणी बांधायला असे. ती लाकडी उलथन्याने थोडा बर्फ खरवडायची, जागा करायची, आणि उरलेल्या बर्फाला म्हणायची, "तू बस."

मालकांना एक मुलगी होती. ती सात वर्षांची असताना तिला लोणी इतकं आवडायचं, की पाव ती केवळ शिष्टाचार म्हणून खायची. एका दुपारी ती स्टुलावर चढली, एक वडी उचलली आणि दातांनी एक घास तोडला. तेवढ्यात पावलं वाजली. तिने ती वडी माझ्या बर्फातल्या भगदाडात ढकलली आणि पळाली. पुढच्या चार दिवसांत बर्फाने भगदाड बुजवून टाकलं. एक वडी कमी भरली म्हणून मालकांनी मांजराला गुन्हेगार ठरवलं आणि गिरणीवाल्याकडे पाठवून दिलं. जाताना ते मांजर माझ्याकडे पाहत होतं. मुलगी मांजरासाठी दोन दिवस रडली आणि मग सगळंच विसरली. मी विसरलो नाही. विसरणं माझ्या प्रकृतीत नाही. मी गोठवतो.

वीस वर्षं गेली. मुलगी शहरात स्वयंपाकाचं शिक्षण घेऊन आली आणि माझ्यासमोरच तिने वडिलांना सांगितलं, की ती गावात व्हीगन हॉटेल काढणार आहे. मित्रांनो, व्हीगन म्हणजे जिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, पण दूध, लोणी, चीज आणि मधसुद्धा नसतो.

"लोणीपण नाही?" मालकांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग लोकांनी यायचं कशाला? हात धुवायला?"

"बदामाचं दूध असतं."

मालकांनी बराच वेळ विचार केला. "बदामाला आचळ कुठे असतं?"

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "वासरू बाजूला बांधलं की ओरडतं, बाबा. ते ऐकत मी मोठी झाले."

"मीपण तेच ऐकत म्हातारा झालो," मालक म्हणाले, आणि त्यानंतर पाच महिने तिच्याशी बोलले नाहीत.

तिने डेअरीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक बंद पडलेलं चपलांचं दुकान भाड्याने घेतलं. फ्रीज घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मालकांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, मधे पडली. मालकांनी नुकताच मोठा नवा फ्रीज आणला होता.

"जुना पोरीला दे," आत्या म्हणाली, "नाहीतर उद्यापासून लोणी तूच बांध."

असा मी दिला गेलो. आणि इथे ती चूक झाली, जी केवळ याच घरातली माणसं करू शकतात. मुलीने दूध सोडलं होतं, लोणी सोडलं होतं, पण घरचा नियम तिच्या रक्तात होता. तिने मला बंद न करता हलवलं. चार हमाल, तीन वायरी एकमेकींना जोडलेल्या, आणि मी भर रस्त्यातून गुरगुरत चाललेलो. अर्ध्या रस्त्यात वायर संपली. न्हाव्याने आपल्या दुकानातून दुसरी दिली. ती लावेपर्यंत मी अकरा सेकंद बंद होतो. डेअरीच्या पायरीवरून मालक हमालांवर ओरडले, "अकरा सेकंद! लाज वाटत नाही?"

नव्या जागी तिने मला सोडा, लिंबू आणि व्हिनेगर लावून सात वेळा धुतलं. दाराचं रबर जुन्या टूथब्रशने घासलं. मी मनात म्हणत होतो, वर बघ, बाई, वर बघ. तिने वरचा कप्पा उघडलाही. बर्फावर टकटक केली. "हा तर बर्फ," ती आत्याला म्हणाली. "म्हणजे पाणीच. पाणी व्हीगनच असतं." आणि दार लावलं.

मग तिने हॉटेलच्या दारावर पाटी लावली: "इथे प्राण्यांपासून आलेलं काहीही मिळणार नाही. कणभर जरी सापडलं, तरी त्या क्षणी दुकान बंद."

पाटी वाचून माझी मोटर सलग सहा तास चालली. त्या दिवशी मी चक्क वीतभर सरकलो.

समोर मालकांनीही पाटी लावली: "इथे सगळं प्राण्यांपासूनच आलेलं आहे. सापडलं नाही, तर पैसे परत."

गावाला जेवणाची भूक नव्हती, पुराव्याची होती. न्हावी सूप उजेडाकडे धरून पाहायचा. घड्याळं दुरुस्त करणारे काका डोळ्याला भिंग लावून बटाटा तपासायचे. त्यांनी एकदा अख्खी बशी फिरवून फिरवून पाहिली आणि खिन्नपणे म्हणाले, "बटाटाच आहे." मुलगी हसून म्हणायची, "अजून वाढू?" पण गिऱ्हाईक गेलं की ती माझ्या दाराला कपाळ टेकून उभी राहायची. ते कपाळ तापलेलं असायचं. त्याच्यापासून हातभर अंतरावर, बर्फाच्या आत, तिचं सगळं हॉटेल बंद करील अशी वडी. सांगा मित्रांनो, मी स्वस्थ कसा राहणार?

मनापासून जेवायला येणारं एकच माणूस होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी आजूबाजूला पाहून हळूच सांगितलं, "मला दूध पचत नाही. पण या गावात बोलायची सोय नाही हो. पंधरा वर्षं शाळेतलं दूध मी कुंडीत ओततेय. तीन झाडं गेली." त्या रोज आल्या. मग त्यांनी आणखी दोघींना आणलं, त्यांनाही पचत नव्हतं. पाचव्या महिन्यात एका शनिवारी दुपारी हॉटेल पहिल्यांदाच पूर्ण भरलं. न्हावी होता, घड्याळवाले काका होते, बाई होत्या. एक खुर्ची कमी पडली म्हणून आत्याने बटाट्याच्या पोत्यावर एकाला बसवलं.

आणि त्याच दुपारी मी बंद पडलो.

मी मुद्दाम केलं नाही. काळजी मोटरला लागते, एवढंच सांगतो. आत मशरूम, बदामाचं दूध, दोन दिवसांचा मसाला असं सगळं होतं. बाहेर ऊन होतं. मुलीचा चेहरा पांढरा पडला. आत्या रस्ता ओलांडून गेली आणि डेअरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुझा फ्रीज गेला."

मालक हातातलं भांडं तसंच टाकून धावत आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो उंबरठा ओलांडला, आणि तोही मुलीसाठी नाही, माझ्यासाठी. त्यांनी माझ्या पोटाला कान लावला.

"कुणी बंद केला?"

"कुणी नाही, बाबा. आपोआप."

"आपोआप माणसं जातात. फ्रीज नाही."

बिघाड बर्फामागच्या वायरीत होता. मालकांनी उलथनं मागितलं आणि ते ठोकायला लागले; मुलगी बाहेर वाढायला गेली. तिसऱ्या ठोक्याला भलामोठा तुकडा निखळला. त्याच्यामागे पिवळं काहीतरी होतं.

मालक थांबले. त्यांनी ते बाहेर काढलं, अंगठ्याने वरचा बर्फ पुसला, आणि एका कोपऱ्याकडे फार वेळ पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून न्हाव्याचं टेबल होतं.

"काय सापडलं, मालक?" न्हावी उठत म्हणाला.

मित्रांनो, त्या माणसाने पाच महिने या क्षणाची वाट पाहिली होती. एक शब्द बोलायचा, की समोरचं दुकान कायमचं बंद होणार होतं.

"बर्फ," मालक म्हणाले, आणि खिडकीकडे पाठ करून वडी टोपीत सरकवली आणि टोपी डोक्यावर घातली.

वायर जोडली, मी सुरू झालो. मालक निघणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर बसा. सूप घ्या." तिच्या आवाजात असं काही होतं, की मालकांना नाही म्हणता आलं नाही. ते बसले. मान जराही न हलवता, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे. मुलीला इतका आनंद झाला की तिने गरम सूपचे एकामागून एक तीन वाडगे वाढले. मालक पीत राहिले. टोपीखालून एक थेंब निघाला.

"मालक, कानामागून काय ओघळतंय?" डोक्यांचा धंदा असल्यामुळे न्हाव्याची नजर तिथेच होती.

"घाम."

"पिवळा?"

"वय झालं की पिकतो."

आत्याने हवेत नाक वर केलं. तीस वर्षं तिने लोणी बांधलं होतं. तिने मुलीकडे पाहिलं, मुलीने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, टोपी काढा."

"सर्दी आहे."

"बाबा."

त्यांनी टोपी काढली. टकलावर लोण्याची वडी बसलेली होती. घड्याळवाले काका भिंग लावून पुढे आले आणि वाकून म्हणाले, "चावलेलं आहे. दुधाचे दात. समोरचा एक पडलेला."

मुलीची जीभ आपोआप समोरच्या दातांवरून फिरली. "मांजर..." ती पुटपुटली.

"मांजराचं काढू नकोस," मालक म्हणाले. "त्याची माफी मला मागायची राहिलीय."

मुलगी वळली, दाराकडे गेली आणि पाटीवर हात ठेवला. "लिहिलंय ते लिहिलंय. दुकान बंद."

"अगं खुळे! ते माझ्या टोपीत सापडलं, तुझ्या दुकानात नाही!"

"बरोबर आहे," न्हावी म्हणाला. "ज्याची टोपी, त्याचं लोणी."

"आणि टोपीत आलं कुठून, बाबा?"

मालकांनी गळा साफ केला. "घरून आणलं मी. कुठेही जेवायला जाताना मी लोणी घेऊन जातो."

ज्याने चाळीस वर्षांत दुधात थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तो माणूस भर लोकांत, गालावरून लोणी ओघळत असताना, खोटं बोलत होता. कुणीही हसलं नाही.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाबा."

"सवय नाही. जमेल हळूहळू."

मुलगी रडता रडता हसली, पण पाटी तिने काढलीच. "बंद म्हणजे बंद."

तेव्हा चित्रकलेच्या बाई उठल्या. हातात अर्धा भरलेला वाडगा. "ताई, बंद करा. पण मी उद्या कुठे जेवू?"

मुलगी आत आली, माझ्या मागे वाकली आणि प्लग काढला. मालक अर्धवट उठले, हात पुढे झाला, आणि मग ते परत खाली बसले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी शांतता. दोन दिवस मी वितळत होतो. बाप आणि लेक फडकी घेऊन पाणी काढत होते. वासरांवरून त्यांचं दोनदा कडाक्याचं भांडण झालं. कुणीही हार मानली नाही. पण पाच महिने न बोलणारी माणसं दोन दिवस भांडत होती, ही मला प्रगतीच वाटली.

तिसऱ्या दिवशी दारावर खडूने लिहिलेलं होतं: "आमच्या फ्रीजमध्ये वीस वर्षांचं लोणी निघालं. ते लहानपणी मीच ठेवलं होतं. काढलं, फ्रीज धुतला. हे वाचून ज्यांना यायचं नसेल, त्यांच्यावर राग नाही." मुलगी दाराआड उभी राहून वाट पाहत होती. दहा मिनिटं कुणी आलं नाही. मग बाई आल्या. मग न्हावी आला. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव येऊन गेलं, काही जेवायला, बाकीचे मला पाहायला. पाहायला आलेलेही जेवूनच गेले. माझ्यामुळे भूक लागते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

आता मालक दर गुरुवारी येतात. जेवतात आणि म्हणतात, "छान झालंय. जरासं लोणी असतं तर..."

"बाबा."

"बरं."

आणि मी? मला वाटलं होतं, गुपित गेलं की मी स्वस्थ होईन. झालो नाही. अजून सरकतोच. पण आता महिन्यातून एक दिवस मला बंद करतात, आणि त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा असतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल. तो चालतोय म्हणजे बरा आहे, असं समजू नका. अधूनमधून त्याला बंद करा, वितळू द्या, कोपरे पुसा. आत काय निघेल ते सांगता येत नाही, पण आत राहण्यापेक्षा निघालेलं बरं. आणि हो, मघापासून तुम्ही माझं दार उघडं धरून उभे आहात. लावा आता. थंडी जातेय.